कोळशी भिंती, मोरपंखी काच: पाच बाय आठच्या एका बाथरूमचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम उपनगरातली सोसायटी, इमारत साधारण पंधरा वर्षांची, फ्लॅट पाचव्या मजल्यावर. घरात चाळिशीचं जोडपं, शाळकरी मुलगी आणि बाहत्तर वर्षांचे आजोबा. आजोबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. काम निघालं ते गळतीमुळे: खालच्या फ्लॅटच्या छतावर नहाणी ट्रॅपच्या बरोबर खाली पिवळा डाग उमटला आणि सोसायटीचं पत्र आलं. फोडाफोड करावीच लागणार, तर बाथरूम मनासारखं करून घेऊ, असं घरात ठरलं.

मनासारखं म्हणजे काळं. घरमालकीणबाईंच्या मोबाइलमध्ये वीसेक फोटो होते: कोळशाच्या रंगाच्या भिंती, त्यात चमकणाऱ्या काचेच्या छोट्या टाइल्स आणि पितळी नळ. फोटोंतल्या जवळजवळ सगळ्या बाथरूमना एक अख्खी भिंतभर खिडकी होती.

इथलं बाथरूम आठ फूट लांब, पाच फूट रुंद. दार एका आखूड बाजूला. समोरच्या आखूड भिंतीत दीड बाय दोन फुटांचा झरोका, तोही डक्टमध्ये उघडणारा, म्हणजे भर दुपारीसुद्धा दिवा लावल्याशिवाय आत जाता येत नाही. दाराजवळ उजव्या लांब भिंतीवर बेसिन, डाव्या लांब भिंतीवर मध्यावर कमोड, शेवटच्या तीन फुटांत शॉवर. पाणी महापालिकेचं थोडं, बाकी बोअर आणि टँकर.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली अडचण उजेडाची. गडद रंगाची भिंत पडलेला बहुतेक उजेड गिळते. पांढरी चकचकीत टाइल उजेडाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग परत फेकते, कोळशी मॅट टाइल जेमतेम दहावा भाग. म्हणजे तेच दिवे ठेवून नुसत्या भिंती बदलल्या, तर खोली अंधारकोठडी होणार.

दुसरी पाण्याची. घरमालकांनी टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती घटक विरघळलेत ते दाखवणारा) लावून पाहिलं होतं, पण तो आकडा इथे फारसा कामाचा नाही. डाग पाडतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार, आणि त्यासाठी कठीणपणा वेगळा मोजावा लागतो. थेंब मोजायच्या साध्या किटने तो दर लिटरला 480 मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे पाणी पिण्याच्या नियमात बसत होतं, पण काळ्या चकचकीत काचेवर वाळलं की पांढरी नक्षी ठेवणार होतं.

तिसरी अडचण आजोबांची. काळी जमीन, काळी भिंत आणि मध्ये ओलं पाणी, यांत कडा कुठे आहे हे अधू नजरेला कळत नाही.

काचेची टाइल स्वतः उजेड देत नाही, पडलेला परतवते. उजेडच नसेल तर महागडी काच भिंतीत बुडून जाते, आणि तिच्यावर रोज कठीण पाणी उडत असेल तर चमकण्याऐवजी पिठूळ दिसते. त्यामुळे डिझायनरने टाइलचं दुकान गाठण्याआधी आराखड्यावर दोनच गोष्टी काढल्या: दिवे कुठे येणार आणि पाणी कुठपर्यंत उडणार. काचेची जागा त्यातून आपोआप उरली.

कोणते पर्याय समोर होते

घरच्यांचा पहिला आग्रह शॉवरच्या भिंतीचा. दार उघडलं की तीच समोर दिसते, म्हणून फोटोत असते तशी ती पूर्ण काचेची करावी. दिसण्याच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. पण पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनांची ती भिंत म्हणजे हजारो सांधे, आणि सगळी रोज भिजणारी. असल्या पाण्यात ती लख्ख ठेवायची तर आंघोळ झाल्यावर प्रत्येकाने वायपर फिरवायला हवा. शाळेची बस पकडणाऱ्या मुलीकडून ते होणार नाही, हे आईनेच सांगितलं.

दुसरा पर्याय मिस्त्रीचा: चार फुटांवर खोलीभर आडवी हायलाइटर पट्टी. स्वस्त, सोपी, आणि 2005 च्या सुमाराच्या प्रत्येक इमारतीत दिसते तशी. पाच फुटांच्या खोलीत अशी पट्टी भिंतीचे दोन तुकडे करते आणि छत खाली आल्यासारखं वाटतं. तो बाद झाला.

तिसरा, कमोडच्या मागची भिंत. इथे टाकी भिंतीत लपवायची असल्याने सहा इंच जाडीची अर्धी भिंत बांधायचीच होती, वर कट्टा येणार होता. कट्ट्याच्या वर छतापर्यंतचा भाग कोरडा, समोरच्या बाजूला आरसा. आरसा बेसिनपुरता दोन फूट न ठेवता चार फूट लांब केला की काच आरशातही दिसते, एका पैशात दोन भिंती. हाच पर्याय ठरला.

घरमालकीणबाईंनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. शॉवरमधल्या शाम्पू-साबणाच्या कोनाड्याला आतून काच हवीच. दीड चौरस फुटाचाच मामला, शॉवरची थेट धार तिकडे जात नाही, म्हणून डिझायनरने मान्य केलं. या निर्णयाकडे पुढे परत यावं लागेल.

बाकीचे निर्णय पटकन झाले. तीन भिंतींना 600 बाय 1200 ची कोळशी मॅट व्हिट्रिफाइड टाइल उभी लावायची. आरशाची भिंत फिकट राखाडी. जमिनीला काळ्याऐवजी मध्यम राखाडी, 300 बाय 300, पाय न घसरण्यासाठीच्या आर-11 दर्जाची खरखरीत टाइल. कमोड आणि बेसिन पांढरे, कारण गडद भिंतीसमोर पांढरा कमोड आजोबांना लांबून ओळखू येतो. पूर्ण पांढऱ्या बाथरूममध्ये ही सोय नसते. छतही कोळशी करावं असं एकदा निघालं होतं, ते डिझायनरने ठामपणे नाकारलं. या खोलीत उजेड परतवणारा मोठा पृष्ठभाग तेवढाच उरला होता.

दिव्यांचा हिशेब

खोलीचं क्षेत्रफळ 3.7 चौरस मीटर. सर्वसाधारण 200 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 200 ल्युमेन उजेड, धरले तर जमिनीपर्यंत 740 ल्युमेन पोचायला हवेत. पांढऱ्या भिंतींत दिव्याचा निम्मा उजेड कामी येतो असं गृहीत धरलं आणि धुळीपोटी, जुनं होण्यापोटी वीस टक्के सोडले, तर दिव्यांतून 1850 ल्युमेन निघाले पाहिजेत. जुनी 20 वॅटची एकच एलईडी पट्टी म्हणूनच पुरत होती. कोळशी भिंतींसाठी निम्म्याऐवजी तीन दशांश धरले की आकडा 3080 वर जातो.

ते असे वाटले: छतात 10 वॅटचे तीन गोल दिवे, पैकी शॉवरवरचा पाणी आत न जाणारा, आयपी-65 दर्जाचा, आरशाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, आणि काचेच्या भिंतीवर छतातून पडणारी तीन फुटांची प्रोफाइल पट्टी, दुधी झाकणाची. झाकण नसेल तर काचेच्या प्रत्येक चौकोनात एलईडीचे ठिपके मोजता येतात. रंग सगळीकडे 3500 केल्विन, रंगदर्शकता (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) 90 च्या वर. कमी रंगदर्शकतेच्या दिव्याखाली मोरपंखी रंग सरळ करडा दिसतो, हे दुकानातच दोन बल्ब बदलून दाखवलं होतं. तीन वेगळी बटणं. काचेवरची पट्टी रात्री हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर.

प्रत्यक्ष काम

फोडल्यावर गळतीचं कारण सापडलं: नहाणी ट्रॅपची मान आणि कोब्याच्या मधला सांधा सुटला होता. बाथरूमखालच्या स्लॅबमधला नऊ इंचांचा खड्डा पूर्ण मोकळा केला. नवीन सीपीव्हीसी लाइन टाकून हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवली. स्लॅबवर आणि भिंतींवर पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे एकमेकांना आडवे दोन हात, शॉवरमध्ये सात फुटांपर्यंत, इतरत्र चार फूट. मग 72 तास पाणी भरून ठेवलं आणि खालच्या फ्लॅटमधून रोज पाहिलं. भरावानंतर वरच्या कोब्यावर पुन्हा एकदा तेच. शॉवरमध्ये उतार 80 ला 1, कोरड्या भागात 100 ला 1. हा भाग नीरस वाटतो, पण टाइल कितीही सुंदर असली तरी सोसायटीचं दुसरं पत्र याच टप्प्यावर टळतं.

काचेच्या भिंतीचं माप शीटवरून, म्हणजे छोटे चौकोन जोडून तयार येणाऱ्या तुकड्यावरून काढलं, भिंतीवरून नाही. 25 मिलिमीटरचे चौकोन, 300 बाय 300 चं शीट. आडवी तीन, उभी चार, म्हणजे एकही चौकोन न कापता सांध्यांसकट 906 बाय 1208 मिलिमीटरचा पट्टा. खालच्या टाइलची उंची 1200, कट्ट्याचा ग्रॅनाइट 18, वर काच, म्हणून फॉल्स सीलिंग 2430 वर. कमोडची मधली रेघ आणि पट्ट्याची मधली रेघ जुळावी म्हणून लपवायच्या टाकीची फ्रेम 40 मिलिमीटर सरकवली. प्लंबिंगच्या वेळी हे काम दहा मिनिटांचं असतं, टाइल लागल्यावर अशक्य. पट्ट्याला 12 शीट, कोनाड्याला दीड. मागवली 16, सगळी एकाच बॅचची. काचेच्या रंगात बॅचगणिक फरक पडतो आणि नंतर दोन शीट मागवून जुळत नाहीत.

जाडीचा फरक बहुतेक ठिकाणी कामाच्या दिवशी लक्षात येतो. इथे आधी धरला होता. व्हिट्रिफाइड टाइल 9 मिलिमीटर आणि खाली चिकटवण 4, असे 13. काच 4 आणि खाली 2, असे 6. म्हणून पट्ट्यामागचा गिलावा पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने 7 मिलिमीटर पुढे आणला, पट्टी फिरवून सपाट केला आणि पुरता वाळू दिला. मोझॅकखालच्या भिंतीत दोन मिलिमीटरचा फुगवटाही चालत नाही. मोठी टाइल तो झाकते, छोटे चौकोन त्याच्यावरून वळतात.

चिकटवण्याच्या बाबतीत मिस्त्रीची आणि डिझायनरची जुंपली. मिस्त्रीकडे राखाडी चिकटवण शिल्लक होतं, आणि त्याची नेहमीची पद्धत पाच ठिपके देऊन टाइल दाबायची. वाद घालण्याऐवजी एका फुटक्या टाइलवर दोन नमुने केले. राखाडी चिकटवणावरची मोरपंखी काच शेवाळलेल्या पाण्यासारखी दिसली. शिवाय ठिपके जिथे होते तिथे गडद, पोकळी होती तिथे फिकट. काच आरपार असते, मागे जे आहे ते पुढे दिसतं. पांढऱ्या चिकटवणावर रंग जसाच्या तसा राहिला. पुढे एक शब्द बोलावा लागला नाही.

पांढरं, पॉलिमरयुक्त, पाकिटावर काच मोझॅकसाठी असं स्पष्ट लिहिलेलं आणि सी2-टीई खूण (जास्त पकड, टाइल खाली न सरकणारं, उशिरा सुकणारं) असलेलं चिकटवण घेतलं. काच पाणी अजिबात शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाला तिच्यावर पकडच मिळत नाही. 4 मिलिमीटर खाचेच्या थापीने पसरायचं, मग त्याच थापीच्या सपाट बाजूने खाचा मोडून टाकायच्या, नाहीतर वाळल्यावर रेघा काचेतून दिसतात. एका वेळी दोन शीटपुरतंच. शीट ठेवून रबर लावलेल्या लाकडी गुटक्याने हलकं ठोकायचं. दोन शीटमधला सांधा आणि चौकोनांमधला सांधा एकसारखा आला नाही तर लांबून भिंतीवर शीटांची चौकट उमटते. मोझॅकचं काम कच्च्या हाताने केलंय हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण.

शीट मागे जाळी असलेली न घेता पुढून पारदर्शक फिल्म लावलेली घेतली होती. जाळी काचेतून दिसते, आणि ओल्या जागी तिचा डिंक सुटण्याची भीती असते. फिल्मवाल्या शीटला मात्र धीर लागतो. काम जुलैत होतं, हवा दमट, काचेखालचं चिकटवण सावकाश वाळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातली फिल्म ओढल्याबरोबर पाच चौकोन तिच्यासोबत आले. ते एकेक करून परत बसवले आणि उरलेली फिल्म 48 तासांनी काढली.

दिव्याची पट्टी छतात भिंतीपासून दोन इंचांवर दाखवली होती. मिस्त्रीने काच लावताना त्याच जागी तात्पुरती एलईडी पट्टी धरून पाहिली, तर अर्धा मिलिमीटर पुढे-मागे असलेला प्रत्येक चौकोन सावली टाकत होता. फॉल्स सीलिंगचा सांगाडाच फक्त झाला होता, म्हणून पट्टी सात इंच पुढे घेता आली. उजेड भिंतीला घासून न जाता अंगावर पडू लागला आणि सावल्या नाहीशा झाल्या. जो दिवा शेवटी लागणार, त्याच दिव्यात काच बसवायची, एवढं या कामातून इतरांनी उचलावं.

सांधे भरायच्या मसाल्यासाठी, म्हणजे ग्राउटसाठी, तीन रंगांचे नमुने केले. पांढऱ्याने जाळीच जाळी दिसू लागली, काळ्याने काच विझली, मध्यम राखाडी बरोबर बसला. इपॉक्सी ग्राउट घेतलं; वाळू असलेलं सिमेंट ग्राउट रगडताना काचेवर ओरखडे पाडतं. पट्ट्याच्या चारही कडांना आणि भिंतींच्या कोपऱ्यांत ग्राउट न भरता त्याच रंगाचं सिलिकॉन, म्हणजे भिंत किंचित हलली तरी काचेवर ताण येत नाही.

खरा गोंधळ झाला तो काचेवर नाही, शेजारच्या मॅट टाइलवर. शॉवरची पूर्ण भिंत मिस्त्रीने एका दमात इपॉक्सीने भरली. ते तासाभरातच धरायला लागतं, आणि मॅट टाइलच्या खरखरीत पोतात शिरलेला थर पुसता येत नाही. दुसऱ्या दिवशी कोळशी भिंतीवर धुरकट पट्टे होते. इपॉक्सीचा थर काढणारं खास द्रावण आणि नायलॉनचा पांढरा पॅड घेऊन दोन माणसांचा एक दिवस त्यात गेला. उरलेल्या भिंतींना सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, एका वेळी चौरस मीटरभरच भरलं आणि लगेच ओल्या पॅडने गोल फिरवत पुसलं.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा खालच्या फ्लॅटचं छत कोरडं होतं. कमोडमागचा काचेचा पट्टा पहिल्या दिवसासारखा, आठवड्यातून एकदा कोरडं फडकं एवढीच निगा. रात्री आजोबा आत गेले की आपोआप लागणारी काचेवरची पट्टी त्यांना पुरते, मोठा दिवा लावायची गरज पडत नाही. हा फायदा कुणी आधी योजला नव्हता; सेन्सर वीज वाचवायला बसवला होता.

शॉवरमधली कोळशी भिंत मध्यम. मॅट असल्याने क्षाराचे ठिपके कमी दिसतात, पण साबणाचे ओघळ जास्त. पंधरा दिवसांतून एकदा पाण्यात सायट्रिक ॲसिड कालवून, लिटरला दोन मोठे चमचे, पाच मिनिटं ठेवून धुतलं की जातात. बाजारातलं तीव्र बाथरूम ॲसिड वापरू नये असं लिहून दाराच्या आत चिकटवलं आहे: नळांचा पितळी मुलामा त्याने उडतो, आणि ज्या द्रावणात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं ते काचेलाच कायमचं आंधळं करतं.

कोनाडा फसला. थेट धार तिथे जात नाही हे खरं, पण अंगावरून उडणारं पाणी जातं आणि बाटल्यांच्या तळाशी साचून वाळतं. खालच्या दोन ओळींतली मोरपंखी काच आता पांढुरकी आहे, आणि इतक्या अरुंद जागेत हात घालून घासणार कोण?

पुन्हा करायचं झालं तर

कोनाड्याचा तळ आणि पाठ दोन्ही एकसंध कोळशी टाइलची करावी, काच हवीच असेल तर छातीच्या वरच्या उंचीवर, आणि तळाला बाहेरच्या बाजूला चार-पाच मिलिमीटर उतार द्यावा. इथे तळ लेव्हलने तंतोतंत सपाट केला होता, इथे तेच नडलं.

पाण्याचा कठीणपणा टाइल निवडण्यापूर्वी मोजला, हे बरोबर झालं. पण त्या आकड्यावर उपाय फक्त जागा बदलण्यापुरता केला. बाथरूमच्या लाइनवर मिठाने धुतला जाणारा छोटा सॉफ्टनर बसवायला गीझरशेजारी जागा आणि टाकाऊ पाण्याचा निचरा लागतो. दोन्ही फोडाफोडीच्या वेळी ठेवता आले असते, आता नाही.

इपॉक्सीचा नमुना काचेवर केला, मॅट टाइलवर केला नाही. तो अर्ध्या तासात झाला असता आणि एक दिवस वाचला असता.

सध्याच्या कोनाड्यासाठी काच उचकटायचा विचार सोडून दिला आहे, कारण छिन्नी मागच्या वॉटरप्रूफिंगपर्यंत जाईल. कोनाड्याची खोली 100 मिलिमीटर. काच साफ करून तिच्यावरच 16 मिलिमीटर काळ्या ग्रॅनाइटचा एक तुकडा इपॉक्सी चिकटवणाने पाठीला आणि एक तळाला, किंचित उतार देऊन, बसवायचा. खोली 80 च्या आसपास उरते आणि शाम्पूची नेहमीची बाटली त्यात मावते. दुकानदाराने ग्रॅनाइट कापून ठेवला आहे, मिस्त्रीची तारीख मिळायची आहे.